आधी नळी

बाबांनी बंदुकीचं खालचं लाकूड ओढून काढलं, कळ दाबली, बंदूक गुडघ्यावर मोडली आणि नळी बिजागरीतून उचलून जुन्या चादरीवर ठेवली. तिच्या शेजारी दस्ता ठेवला, मग लाकूड. तीन तुकडे. चौथा निघाला तर ती बंदूक नव्हे, असं ते बँकेच्या दारात उभं राहून पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. एकदा नव्या पहारेकऱ्याने आपली झोकदार, पुष्कळ गोळ्यांची बंदूक त्यांना कौतुकाने दाखवली होती. बाबांनी ती घड्याळासारखी कानाशी धरली आणि विचारलं, किती वाजले?

लेक समोर भिंतीला टेकून बसली होती. दुपारचा उजेड पडद्यातून गाळून येत होता आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. तेलाचा वास लहानपणचाच होता. रविवारी जेवणं झाली की बाबा अशीच चादर पसरत आणि लेकीला तीन तुकडे जोडायला देत. ती दर वेळी लाकूड आधी लावायला जायची. मग ते बसायचं नाही, नळी अडायची आणि बाबा डोळे पुसत हसायचे. "लाकूड आधी? म्हणजे आधी बारसं, मग लग्न!"

ते हसणं अजून तसंच होतं. बाकीचं मात्र हळूहळू निघून चाललं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग गल्लीतली वळणं. आणि मागच्या आठवड्यात, दिवेलागणीला, लेक कामावरून दार उघडून आत आली तेव्हा बाबा बंदूक खांद्याला लावून उभे होते. कोण आहे, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. तिने दोनदा सांगितलं. त्यांना पटलं नाही. काडतुसं आईने केव्हाच घरातून घालवली होती, हे लेकीला माहीत होतं. तरी त्या काळ्या भोकाकडे पाहताना तिला ते आठवलं नाही.

नंतर बाबांनी आईला विचारलं होतं, दारात कोण होतं म्हणून. मांजर होतं, असं आई म्हणाली. बाबा बराच वेळ दाराकडे पाहत राहिले होते.

बंदूक पोलीस चौकीत जमा करायची, असं लेकीचं म्हणणं. आई ऐकेना. आज सकाळी स्वयंपाकघरात दोघींची त्यावरून कुजबुज झाली. आईची कुजबुज म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाणार नाही इतपत आवाज.

"त्यांच्या हातांना तेवढंच येतंय गं आता," आई म्हणाली होती. "ते काढून घेतलंस तर उरेल काय? जोवर त्यांना ती जोडता येते, तोवर मी ती जाऊ देणार नाही."

लेकीने ते मान्य केलं. न करून सांगते कुणाला?

बाबांनी गजाला फडकं गुंडाळून नळीतून फिरवलं. मग नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटला आणि ती लेकीपुढे केली. तिनेही पाहिलं. आत उजेडाची कडी एकात एक बसली होती, थेट पलीकडच्या आभाळाच्या ठिपक्यापर्यंत. लहानपणी तिला वाटायचं, त्या टोकाला कुणीतरी राहतं. तिने नळी परत दिली तेव्हा बाबा तिच्याकडेच पाहत होते, नीट, ओळखीने.

आई दारात येऊन उभी राहिली. हातात निवडायची भाजी तशीच होती.

बाबांनी दस्ता मांडीवर घेतला. लाकूड उचललं. ते दस्त्याला लावून पाहिलं, दाबलं, फिरवलं. मग नळी घेतली, ती अडली. त्यांनी पुन्हा लाकूड लावलं. पुन्हा नळी अडली. खोलीत लाकडावर लोखंड घासल्याचा आवाज तेवढा होत राहिला. शेवटी त्यांनी तिन्ही तुकडे हलकेच चादरीवर ठेवले.

"जमत नाही," ते म्हणाले.

आईने तोंड वळवलं. लेकीला आपण जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं, आणि ते लपवायला ती खाली वाकून चादरीची टोकं गोळा करू लागली.

"नळी वेगळ्या फडक्यात घे," बाबा म्हणाले. "ओल लागली तर गंजेल."

"हो."

"आणि चौकीत कुणी नवखा असला तर त्याला सांग. आधी नळी बिजागरीत अडकवायची. मग बंद करायची. लाकूड सगळ्यात शेवटी, खालून." त्यांनी जीभ टाळूला लावून तो आवाज काढला, बंदूक नीट मिटल्याचा. खट्.

लेकीचे हात गाठीवरच थांबले. दारात आईच्या हातातली भाजी खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"आणि लाकूड आधी लावलं तर?" लेकीने विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तर बारसं," बाबा म्हणाले आणि हसले. मग तेलाचं फडकं उचलून एकेक बोट पुसत बसले.