उषाबाईंची तक्रार

तुरीची काडी डोळ्यात गेली तेव्हा उषाबाई शेतात एकट्याच होत्या. त्यांच्याच गावातल्या, केदारखेड्याच्या गजानन डॉक्टरांनी थेंब दिले, "होईल बरं," म्हणाले. डोळा लालबुंद झाला, ठणकायला लागला. पुन्हा गेल्या, तर पुन्हा तेच थेंब. शेवटी जालन्याला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "अशा जखमेला हे थेंब चालतच नाहीत. फार उशीर केला." उजवा डोळा गेला तो गेलाच.

पुण्याला नोकरी करणारा मुलगा कल्याण खवळला. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या मुंबईच्या परिषदेकडे त्यानं आईच्या नावानं तक्रार केली, कागदांवर तिच्या सह्या घेतल्या आणि पुण्याला निघून गेला. गावात राहिल्या उषाबाई.

डॉक्टरांना नोटीस आली आणि गावाला कळलं. भर पावसात बोलावलं तरी येणारा माणूस, त्याच्यावर तक्रार? शेजारची मीना रोज दुपारी भाजी निवडायला ओसरीवर यायची, ती यायची बंद झाली. दळण घेऊन गेलं की गिरणीतल्या बायकांचं बोलणं तुटायचं.

सुनावणी व्हायला दोन वर्षं गेली. कल्याण मुंबईला घेऊन गेला. समोर परिषदेचे डॉक्टर बसले होते. त्यांनी उषाबाईंना आणि गजानन डॉक्टरांना, दोघांनाही नीट विचारलं.

"मी यांना जालन्याला जायला सांगितलं होतं," गजानन डॉक्टर म्हणाले.

"न्हाई सांगितलं, साहेब," उषाबाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर मी घरी बसले असते का?"

गजानन डॉक्टर समोरचे कागद चाळू लागले.

निकाल आला: तीन महिने नोंदणी स्थगित. कल्याणचा फोन आला. "आई, आपलंच खरं ठरलं!"

"बरं झालं बाबा." फोन ठेवला. घरात हे सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

दवाखान्याला कुलूप लागलं. मीनाच्या नातवाला ताप आला, तर त्याला भोकरदनला न्यावं लागलं. नळावर ती म्हणाली, "तुमचा डोळा गेला, लई वाईट झालं. पन गावाचा डॉक्टर कामून घालवला?"

"मी कुठं घालवला गं? काय झालं ते सांगितलं फक्त."

मीना घागर उचलून चालू लागली.

दवाखाना पुन्हा उघडला. काही दिवसांनी उषाबाईंच्या डाव्या डोळ्याला पाणी यायला लागलं. जावं की न जावं करत त्या गेल्या. बाकावरच्या बायका सरकून बसल्या, बोलल्या मात्र नाहीत. डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळा पाहिला, चिठ्ठी लिहिली आणि वाचून दाखवली.

"उद्याच जालन्याला दाखवा. थेंब मी देत नाही. समजलं ना?"

"समजलं."

"सोबत कोण आहे?"

"कोन येनार? जाईन येकटीच. आता सवय झाली."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. उषाबाईंनी चिठ्ठी पदराला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जालन्याच्या एसटीत बसल्या. शेजारची जागा रिकामी होती, तिथं त्यांनी पिशवी ठेवली.