काकांची डुलकी आणि माझा वारसदार

मित्रांनो, मी गाद्यांच्या कारखान्यातला एक जुना सर्व्हर आहे. सध्या मी बंद असतो, त्यामुळे जन्मात पहिल्यांदाच निवांत बोलायला सवड मिळाली आहे. सर्व्हर म्हणजे ज्याला विचारल्याशिवाय बाकीच्या संगणकांचे पान हलत नाही, असा मोठा संगणक. कुणाच्या पलंगाचे माप काय, कुणाला गादी मऊ हवी, कुणाची कुठल्या टेम्पोत चढली, हे सगळे माझ्या पोटात असे.

माझा जन्म झाला तिथे माणसे हातमोजे घालून, तोंड झाकून वावरायची. मला वाटले, सगळे जग असेच स्वच्छ असते. मग खोक्यातून बाहेर काढले ते थेट कापूस पिंजण्याच्या यंत्राशेजारच्या खोलीत! पहिल्याच श्वासाला माझ्या नाकात कापूस गेला. कारखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी माझ्या पाठीवर हात दाबून पाहिला आणि "जरा कडकच आहे," असा शेरा मारला. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, मऊ आणि कडक.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत. पुढे कौतुक संपले आणि माझ्या डोक्यावर उशांच्या खोळी ठेवायला लागले. मी बिचारा गुपचूप काम करत राहिलो. मग एक दिवस काकांची सख्खी पुतणी संगणकांचे शिक्षण घेऊन कारखान्यात आली. तिने सर्वांत आधी माझे झाकण उघडले. आतून एक लहान उशी भरेल एवढा कापूस निघाला. काकांनी तो वाया जाऊ दिला नाही हे सांगायला नकोच.

पण तोवर माझे वय झाले होते. ऐन गडबडीच्या दिवसांत मी अचानक बंद पडलो. पुतणीने मला कसेबसे पुन्हा सुरू करेपर्यंत मापे दिसत नव्हती, म्हणून कारागिरांनी अंदाजाने गाद्या कापल्या. एका पैलवानाला पाळण्याची गादी गेली. तो ती काखेत मारून परत घेऊन आला, तेव्हा काकांनी पुतणीला बोलावले.

"नवा सर्व्हर आण. कुठला घ्यायचा ते तू ठरव. पण हा फसला ना, तर संगणक गेले खड्ड्यात. पुन्हा कागदावर मापं, आणि तू शिवणखात्यात खोळी मोज."

पोरीचा चेहरा उतरला. एवढे शिकून खोळी मोजायच्या, या विचाराने तिची झोप उडाली असणार. मला तर स्वतःचीच लाज वाटली. माझ्या बंद पडण्यापायी तिची मान अडकली होती.

दोन कंपन्यांचे विक्रेते आले. एक टायवाले, एक हसरे. टायवाले हसत नसत आणि हसऱ्यांना टाय नव्हता, एवढाच काय तो फरक. दोघांनीही आपला सर्व्हर किती वेगवान आहे ते सांगितले आणि दुसऱ्याचा किती टाकाऊ आहे तेही सांगितले. काका मध्येच म्हणाले, "अहो, पण त्याला पळवायचंय कुठे?"

पुतणी मात्र हुशार. "बोलणं पुरे झालं," ती म्हणाली. "दोघांनीही आपापला सर्व्हर आमच्या खोलीत आणून ठेवा. आमच्या खऱ्या ऑर्डरी दोन्हीवर चालवून बघू."

झाले! माझ्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन तरणेबांड गडी उभे राहिले. माझ्या डोळ्यांदेखत माझा वारसदार निवडला जाणार होता.

आता या कारखान्याची एक रीत सांगतो. गादीचा नवा नमुना तयार झाला की जेवणानंतर काका त्यावर आडवे होतात. डुलकी लागली तर गादी पास. त्यांच्या झोपेवर सगळ्या बाजाराचा भरवसा आहे. ते घोरू लागले की कारागीर टाचा उचलून चालतात.

तर काकांनी त्याच रीतीने सर्व्हरची परीक्षा घ्यायचे ठरवले. पुतणी हिशेबाच्या खोलीत होती, तेवढ्यात त्यांनी टायवाल्यांच्या सर्व्हरशेजारी गादी अंथरली. तो असा घोंघावत होता की काका या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. शेवटी वैतागून त्यांनी गादी हसऱ्यांच्या सर्व्हरकडे ओढली. तिथे अगदी चिडीचूप. काका घोरू लागले. जागे झाले ते निर्णय घेऊनच. दोन्ही विक्रेत्यांना बोलावणे गेले.

"हसऱ्यांचा पास!" त्यांनी जाहीर केले.

"काका, निवड मी करणार होते ना?" पुतणीने विचारले.

"अगं, आजवर इतक्या गाद्या झोपून पास केल्या. एकीची तरी तक्रार आली?"

म्हणजे बघा हं, निवड काकांची आणि फसली तर शिवणखात्यात जायचे पुतणीने! मला फार राग आला, पण मला तोंड कुठे होते?

पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, तो बंद आहे. सकाळपासून त्यानं एकाही ऑर्डरला उत्तर दिलेलं नाही. तेच बघायला मी येत होते."

तिने झाकण उघडले. आत कापसाचा थर बसला होता. गडी गुदमरून, तापून आपोआप बंद पडला होता. काका आरामात झोपले होते ते त्या थंडावलेल्या खोक्याशेजारी.

"कापूस आमच्या हमीत बसत नाही, मॅडम," हसरे म्हणाले. हसू गायब.

"आमच्याही नाही," टायवाले म्हणाले. पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले.

"मग साफ कोण करणार?" तिने विचारले.

हसऱ्यांचे यंत्र फक्त कंपनीचा माणूस उघडू शकत होता. टायवाल्यांनी टाय खांद्यावर टाकला, बाह्या सारल्या आणि पुढची जाळी हाताने काढून दाखवली. "ही धुवा, वाळवा, लावा. तुमची तुम्हीच."

"हा घ्यायचा," पुतणी म्हणाली. "आणि सर्व्हरची खोली पिंजणापासून लांब हवी. हा ओरडत होता, कारण कापूस नाकात जात असूनही तो काम करत होता, काका."

काकांनी हळूच गादीची गुंडाळी केली. मग दोन्ही विक्रेत्यांसमोर म्हणाले, "मी निवड केली झोपेत. जागं असलेल्या माणसाचं ऐकू या."

माझ्या पोटातली सगळी मापे नव्या सर्व्हरमध्ये उतरवली गेली. मला बंद करायची वेळ आली, तेव्हा पुतणीचे बोट माझ्या बटणावर येऊन थांबले. एकदा मी गेलो की सगळा भार तिच्या निवडीवर होता.

"काका, चुकलं तर?"

काका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "चुकलं तर दोघांचं चुकेल. तू कुठंही जात नाहीस. दाब."

तिने बटण दाबले. मला मुळीच वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण पोर सुटली, याचा आनंद मोठा होता.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र घरघरत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका, त्याची जाळी पुसा. आणि कुणाला काम सोपवलेत, तर ते त्याचे त्याला करू द्या. त्याचे बोट थबकले, तर फक्त शेजारी जाऊन उभे राहा.