पांढऱ्या पडद्यावरची मुलगी

"दिसली! दिसली!" हॉलमध्ये एकच गलका झाला. पुढच्या रांगेतली एक बाई पांढऱ्या पडद्याकडे हात पसरून ढसाढसा रडत होती. ती माझी बायको. आणि पडद्यावर आमची मुलगी होती. तापाने जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही ती दिसली.

गेलेली माणसं दाखवणाऱ्या या दर्शनबाबांची पद्धत ठरलेली. गेलेल्या माणसाचा फोटो आधी द्यायचा. बाबा त्याचं मोठं 'आत्मरूप' करून स्टँडवर लावत: निळा चेहरा, पांढरे केस, नाकावर ठिपका. "ठिपक्यावर नजर रोखा! पापणी लवली तर आत्मा रुसेल!" मग पडद्याकडे बघायचं. माणूस उमटे आणि विरून जाई.

"ती थांबत का नाही, बाबा?" बायकोने विचारलं.

"आई पोटभर जेवते ना, म्हणून. अन्न सोड, लेकरू राहील."

तिने अन्न सोडलं. मी समजावलं, भांडलो, हातापाया पडलो. ताट तसंच राही. बोटातली अंगठी गळून पडू लागली, तशी माझी झोप उडाली.

मी मालिकांच्या सेटवर फोटो काढतो. नायिकेचा मेलेला बाप भिंतीवर टांगायचा असला की आम्ही आमच्या लाईटमनलाच उभं करतो. चेहरा सोशिक आहे बिचाऱ्याचा. तोच फोटो बाबांना नेऊन दिला. म्हटलं, "माझा थोरला भाऊ."

पुढच्या बैठकीत लाईटमन पडद्यावर झकास उमटला. बाबांनी डोळे मिटले. "भाऊ सुखात आहे. म्हणतो, रडू नकोस."

"मी कधी म्हणालो?" मागच्या रांगेतून लाईटमन उठला. "अहो बाबा, उद्या शिफ्ट आहे माझी. मरायला सवड कुठंय?"

हशा पिकला. मी स्टँडवरचं चित्र उचललं. "हा आत्मा नाही, उलट्या रंगांतला फोटो आहे. एकाच रंगाकडे टक लावली की डोळा त्या रंगाला थकतो. मग पांढऱ्यावर उलटा रंग दिसतो. निळ्याच्या जागी अंगाचा, पांढऱ्या केसांच्या जागी काळा. डोळा विसावला की चित्र गेलं. हाही विरलाच ना? याची आई काय जास्त जेवली होती?"

बाबा मागच्या दाराने सटकले. बायको मात्र पडद्याकडेच बघत बसली होती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "म्हणजे ती माझ्या जेवणामुळे जात नव्हती?"

"नाही गं."

"आणि येतही नव्हती?"

मी तिच्याजवळ बसलो. "नाही," मी म्हणालो.

माझा शर्ट मुठीत धरून ती खूप रडली, मीही रडलो. मग मी घास भरवला. रडत रडतच तिने तो खाल्ला.

लोकहो, गेलेलं माणूस दाखवतो असं कुणी म्हणालं, तर आधी एखाद्या जिवंत माणसाचा फोटो देऊन बघा. गेलेलं माणूस परत येत नाही. हे मान्य करणं मला अजून जड जातं. पण घरात जे माणूस उरलंय, त्याला उपाशी ठेवू नका.