सोन्याचं अंडं आणि अक्काची पेटी

बुवांचा गळा गोड, पण तो लागायचा अक्का पेटीवर असली तरच. अक्का म्हणजे बुवांची थोरली बहीण, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. भाऊ कीर्तनाला उभा राहिला की ही मागे पेटी धरायची, आणि तो सुरातून घसरला की एक पट्टी दाबून कान धरल्यासारखं त्याला जागेवर आणायची.

तर झालं असं, की मागच्या खेपेला बुवांनी पोथीतली सृष्टीच्या जन्माची गोष्ट लावली. आधी नुसता अंधार, त्यात एक सोन्याचं अंडं, ते फुटलं आणि आकाश वर गेलं, पृथ्वी खाली राहिली. इथवर ठीक होतं. पण पुढे त्यांनी ठोकून दिलं, की शास्त्रज्ञांचा महास्फोट तो हाच. त्यांना आत्ता कळलं, ऋषींना केव्हाच ठाऊक होतं. सभागृह दणाणलं. आज पुन्हा तेच आख्यान होतं, आणि 'ते महास्फोटाचं घ्याच' असं मंडळाच्या चिटणिसांनी बजावून ठेवलं होतं.

सभागृहामागच्या खोलीत पेटी पुसता पुसता अक्काने शांतपणे सांगून टाकलं, की ते वाक्य येणार असेल तर आपण आपलं घरी गेलेलं बरं. मास्तरीणबाईंचं लाल पेन अजून सुटलं नाही म्हणून बुवांनी थट्टा करून पाहिली. ती हसली नाही.

"अरे, अंडं फुटायला भोवती जागा लागते. महास्फोटाला भोवती जागाच नव्हती. बाहेर असं काही नव्हतंच."

बुवांचे डोळे चमकले. "बाहेर नव्हतंच? अक्का, हे तर देवाचंच वर्णन..."

"झालं. निघाला लगेच डकवायला."

बुवा खुर्चीत टेकले. "टाळ्यांसाठी नाही गं आणलं मी ते. तू जन्मभर शास्त्र शिकवलंस, आणि मागे बसतेस ती केवळ माझ्यासाठी. वाटलं, कीर्तनात तुझंही काहीतरी असावं."

अक्काचं फडकं थांबलं.

"वेडा आहेस. शास्त्रज्ञ उद्या आपलं म्हणणं बदलतील, बदलावंच लागतं त्यांना. मग तू काय अंडं परत जोडणार? मी गोष्ट ऐकायला येते रे. त्या अंधारात तू सूर लावतोस, तेव्हा मला देव जवळ वाटतो. आणि नेमकं तिथेच तू माझं पाठ्यपुस्तक उघडतोस."

इतक्या वर्षांत बुवांना याचा पत्ता नव्हता. ते उगाच सदऱ्याची बटणं चाचपत राहिले.

कीर्तनात अंडं फुटलं. चिटणीस टाळीसाठी हात सरसावून बसले होते. बुवा म्हणाले, "पोथी असं गाते. शास्त्र काय म्हणतं ते मला नीट समजत नाही, ते नंतर माझ्या बहिणीला विचारा. नवल मात्र दोघांनाही वाटलंय, एवढं मला दिसतं." आणि त्यांनी नाम घेतलं. पेटी अशी काही भरून आली, की तबलजीने मान वर करून पाहिलं.

टाळ्या बेताच्याच पडल्या. कीर्तन संपल्यावर बुवांकडे कोणी फिरकलंही नाही. सगळी गर्दी अक्काभोवती. आधी काय होतं हो बाई, म्हणून जो तो विचारत होता, आणि ती हातवारे करकरून समजावत होती. बुवांनी पेटी बंद केली, कण्हत कण्हत स्वतःच गाडीत नेऊन ठेवली, आणि परत येऊन घोळक्याच्या मागे उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनीही हात वर केला.