हिरव्या ठिपक्यांचं ‘थांब’

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कारागिरांनी माझी भिंगं इतक्या निगुतीनं घासली, की केससुद्धा मला ओंडक्यासारखा दिसतो. पुढे प्रयोगशाळेत मला एका संशोधक ताईंच्या हवाली केलं.

ताईंच्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येत असे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना ‘चल’ सांगतात, तसं ‘थांब’ही सांगतात. ‘थांब’ दुबळं पडलं, की साऱ्या एकदम गलका करू शकतात. हे ‘थांब’ कायमचं बळकट होतं का, याचा ताईंना ध्यास होता.

काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींवर ‘थांब’ ऐकणारे रेणू असतात. ताईंनी त्यांना हिरवी चमक लावली आणि पेशींना औषधानं जोरात डिवचलं. रेणूंचे हिरवे ठिपके उजळले, तर ‘थांब’ बळकट झालं; पण ते जसेच्या तसे राहिले. वरिष्ठ म्हणाले, “सोडा आता. दुसरा विषय घ्या.”

एकदा भाऊ ताईंना न्यायला आला आणि माझ्यासमोरच कोसळला. ताईंनी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वेटर सारला. शुद्धीवर येताच तो म्हणाला, “सापडलं का गं तुझं ‘थांब’?”

“नाही रे.”

“मग माझ्या मागे काय लागलीस? आधी त्या पेशींना आवर!”

ताई डोळे पुसत हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुटपुटल्या, “या वेळी हळूच उठवते.” त्यांनी औषधाची मात्रा बेताची ठेवली. पेशीत थोडंसं कॅल्शियम शिरलं. त्यानं एक प्रथिन जागं झालं आणि दोन पेशी जिथे जुळतात, त्या ‘थांब’च्या सांध्याकडे सरकलं. तिथे रेणूंना धरून ठेवणारी जाळी पक्की झाली, भटके रेणू येऊन तिच्यात अडकले. ठिपके उजळले आणि उजळलेलेच राहिले! एवढीशी पेशी, पण स्वतःचा लगाम स्वतःच आवळत होती. मित्रांनो, माझी भिंगं त्या दिवशी धन्य झाली.

भावानंही डोळा लावून पाहिलं.

“म्हणजे मी बरा होणार?”

“माहीत नाही. पण ही सोय मेंदूत आहे, एवढं दिसलं.”

त्यानं पुन्हा भिंगाला डोळा लावला. “माझ्या डोक्यात एवढं सुंदर काही असेल, असं वाटलंच नव्हतं गं,” तो म्हणाला.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलंय. माझी भिंगं धुरकटली तरी चालेल. पण कुणाला फिट आली, तर हसू नका, गर्दी करू नका, तोंडात काही कोंबू नका. कुशीवर वळवा, मोठ्यांना हाक मारा आणि जवळ बसून राहा. आतल्या असंख्य पेशी त्या वेळी ‘थांब’ म्हणायला धडपडत असतात.