संकठा घाटावरच्या मोडेमचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. टेलिफोनची तार आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसून किर्र-खर्र गळा काढणारा डबा. हसू नका. त्याच आवाजातून माणसांचं बोलणं गावोगावी जायचं.

१९९५ साली बँकेतल्या देवव्रतने मला काशीतल्या संकठा घाटाजवळच्या आपल्या घरी आणलं. काशी, नागपूर, इंदूर, पुणे इथली काही मराठी घरं माझ्यासारख्यांच्या मदतीने बोलत. प्रत्येकाचा कॉम्प्युटरवर आपापला सूचनाफलकासारखा फलक. सगळ्यांवर मालक असा कुणी नाही. फोन लावायचा, वाचायचं, लिहायचं. देवव्रतची धाकटी बहीण इंदू रोज फडक्याने माझी धूळ पुसायची.

त्यांचे बाबा काशीनाथ गुरुजी दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंच्या पूजा सांगत. त्यांची नजर मंदावत चालली होती, पण मंत्र सारे मुखोद्गत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नसे. नागपूरच्या छोट्याशा फलकावर शरदिनीबाई नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. इंदूने तिथे लिहिलं, "बाबांना घाटाच्या पायऱ्याही नीट दिसत नाहीत. काशीत उपचार होईल का? कृपा करून हे इथेच राहू द्या." खाली तिचं नाव होतं.

आणि मग उगवला निनाद! देवव्रतचा मित्र, कॉम्प्युटर शिकणारा. त्याचा प्रोग्राम सगळ्या फलकांना फोन लावी, 'काशी', 'घाट' असे शब्द असलेला मजकूर उचली आणि 'काशीयात्रेची माहिती' म्हणून सगळीकडे वाटी. लोक म्हणाले, वा! अरे, पण कुणाला विचारलं होतं? एकालाही नाही! इंदूचं बोलणंही त्या गठ्ठ्यात गेलं. माझा नुसता जळफळाट झाला.

पुण्याचे दरवर्षीचे यजमान आले, त्यांनी गुरुजींना लांबूनच नमस्कार केला, 'डोळ्यांना जपा' म्हणाले आणि शेजारच्या गुरुजींच्या छत्रीखाली पूजेला बसले. गुरुजींनी घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली. "इंदू, माझ्या डोळ्यांचं त्यांना कुणी सांगितलं गं?" त्यांनी विचारलं.

निनाद आला तो हसतच. "अरे इंदू, फलक तो खुला ही था ना! नको होतं तर सांगायचं, मी काढून टाकलं असतं."

इंदू कडाडली, "मला कळलं असतं तर सांगितलं असतं ना! बाबा संकल्प सांगतात, पण पाणी यजमानालाच आपल्या हाताने सोडावं लागतं. त्याशिवाय पूजा सुरू होत नाही. 'नको असेल तर उठून जा' म्हणत कुणी त्याच्या नावाने पूजा उरकत नाही. माझ्या हातून पाणी सोडवलंस तू?"

निनादची मान खाली गेली. त्यानंतर त्याचा प्रोग्राम आधी विचारू लागला आणि उत्तर आलं नाही तर 'नाही' समजू लागला. पण गेलेला गठ्ठा परत आणायचा कसा?

मित्रांनो, मी आता कपाटात धूळ खात पडलो आहे. उद्या तुम्ही माझ्याहून हुशार यंत्रं बनवाल. बनवा! पण दार उघडं दिसलं तरी आधी हाक मारा, आणि आतून 'या' येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबा.

गुरुजी अजून दशाश्वमेधावर जातात. इंदू सांगते, जवळून कुणी पुणेरी मराठी बोलत गेलं, की ते अजूनही हातात पळी घेऊन सावरून बसतात.