गडूच्या पोटावरची चार नावं

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गडू आहे. माझ्या पोटावर चार नावं आहेत आणि त्यांतली तीन मला स्वतःलाच वाचता येत नाहीत. गंमतच आहे, नाही का?

पहिलं नाव विठूचं. तो शंभर वर्षांपूर्वी पनवेलहून विलायतेला बॅरिस्टर व्हायला निघाला, तेव्हा त्याच्या आईने ते तांबटाकडून घालून घेतलं. मला त्याच्या हाती देत ती म्हणाली, "विठू, यातूनच पाणी पी हो. दुसऱ्या कुणाला याला तोंड लावू देऊ नकोस."

लंडनच्या खोलीत विठूबरोबर एक बंगाली, एक पंजाबी आणि एक मद्रासी होता. पनवेलात विठूची ओळख घराण्यावरून आणि जातीवरून. तिथे मात्र घरमालकीण चौघांनाही एकाच नावाने हाक मारी, "ए इंडियन!" आधी ते शब्द बोचले. मग चौघे त्यावर वाद घालू लागले: इंडियन म्हणजे नेमके कोण? आपल्या देशात राज्य दुसऱ्याचं का? मीही कान देऊन ऐके.

एकदा पंजाब्याला सणकून ताप भरला. त्याने पाणी मागितलं. हाताशी मीच होतो. विठू माझ्याकडे बघतच राहिला, मग त्याने मला त्या मुलाच्या ओठांना लावलं. तेव्हापासून चौघेही माझ्यातूनच पाणी पिऊ लागले. ताप उतरल्यावर तिघांनी कंपासच्या टोकाने माझ्या पोटावर आपापल्या लिपीत नावं कोरली.

विठू परत आला. आईने मला पाहिलं. "हे कुणाचे ओरखडे रे?"

"माझे भाऊ आहेत, आई."

"भाऊ? मग मी बाळंत झाले कधी?"

तिने मला माळ्यावर टाकलं. विठूने वकिली सोडली आणि मिठाच्या सत्याग्रहात तो तुरुंगात गेला. तेव्हा मिठागरातल्या बाया आईला धीर द्यायला आल्या. उन्हातून चालून त्यांचे घसे कोरडे पडले होते. आईने मला माळ्यावरून काढलं, भरलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"आमी तोंड लावू काय, बाय?"

"लावा गं. आधी चौघांनी लावलंय."

आता मी पनवेलच्याच खांदा कॉलनीत असतो. विठूच्या नातसुनेचं, सत्यवतीबाईंचं, तुळशीला रोज पाणी घालायचं व्रत आहे. त्या मला चिंच-मिठाने लख्ख घासतात. मी चमकतो, पण नावं रोज थोडी थोडी पुसट होतात. हे त्यांना सांगू कसं?

त्यांची मुलगी रुचिरा परवा जर्मनीला शिकायला निघणार आहे. बाई म्हणाल्या, "हा गडू घेऊन जा. ओरखडे तेवढे पॉलिश करून आणते." म्हणजे चारही नावं जाणार!

रुचिराने मला खिडकीपाशी तिरका धरला. "आई, थांब! ही नावं आहेत गं. पहिलं पणजोबांचं. बाकीची कुठल्या कुठल्या लिपीत आहेत."

बाईंनी माझ्यावरून हळूच बोट फिरवलं. "अगंबाई! मग इतकी वर्षं मी घासत काय होते?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पण आधी उजेडात धरून वाचा.

बाईंनी मला नुसत्या पाण्याने विसळलं, मऊ पंच्यात गुंडाळलं आणि रुचिराच्या बॅगेत ठेवलं.

"आणि तुझं तुळशीचं व्रत?"

"ते लोटीने होईल. तू एवढंच कर, कुणी पाणी मागितलं तर यातूनच दे."

माझ्या पोटावर अजून थोडी जागा आहे.